रानतंतूंपासून हातविणीचे कापड : एका अवजार-संचाचे परीक्षण

रानात आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींच्या सालीतून वाख म्हणजे लांब तंतू काढावा, तो टकळीवर कातावा आणि कंबरेला बांधायच्या मागावर त्याचे कापड विणावे, यासाठी लागणारी सगळी अवजारे एकत्र देणारे संच हस्तकलेचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतात. त्यांपैकी एक संच मी नेटलच्या (अंगाला झोंबणाऱ्या एका रानवनस्पतीच्या) काड्या सोलण्यापासून तयार कापड धुऊन वापरण्यापर्यंत पूर्ण वापरला आणि त्यानंतरच हे परीक्षण लिहीत आहे. संचात लाकडी मोगरी, साल खरवडण्याची हाडाची पट्टी, रुंद दातांची लाकडी फणी, वेगवेगळ्या वजनाच्या दोन चकत्या असलेली टकळी, लडी गुंडाळण्याची काठी, मागाच्या काठ्या, कंबरपट्टा, आडवा धागा ठोकून बसवण्याची लांब पट्टी आणि एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. शिवाय नेटलच्या वाळलेल्या काड्यांची एक जुडी आणि तयार तंतूंचा एक पुडा दिला आहे. चाके, पायटे किंवा धातूची फणी यांपैकी काहीही नाही, आणि या कामाला ते लागतही नाही.

माझे मत आधीच सांगतो. मागाचा भाग उत्तम आहे, टकळी चांगली आहे, तंतू काढण्याची अवजारे कामापुरती आहेत, आणि पुस्तिका जेथे सर्वांत सविस्तर असायला हवी होती तेथेच ती सर्वांत घाईत आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रानतंतूंच्या कापडाचा दर्जा मागावर बसण्याच्या बराच आधी, साल सोलताना आणि ती मऊ करताना ठरतो. जाडाभरडा, काड्यांचे कण राहिलेला वाख कितीही कुशल हातांनी विणला तरी कापड टोचतेच. उलट स्वच्छ आणि नीट सुटा झालेला वाख नवशिक्याच्या असमान विणीतही अंगाला सुखद लागतो. म्हणून अशा संचाची पारख करताना तो तंतूंसाठी काय करतो, हे मी प्रथम पाहतो.

नेटल, रानजवस, लिंडेन किंवा एल्मसारखी झाडे यांचे उपयोगी तंतू बाहेरची साल आणि आतला लाकडी गाभा यांच्या मधल्या थरात असतात. हे तंतू सुटे नसतात. पेक्टिन या चिकट द्रव्याने ते एकमेकांना आणि आजूबाजूच्या पेशींना जखडलेले असतात. काडी मोगरीने हलक्या हाताने चेचली की आतला गाभा तुटतो आणि सालीची पट्टी अखंड सुटून येते. संचातील मोगरी या कामाला योग्य वजनाची आहे, तिची ठोकायची बाजू किंचित फुगीर ठेवली आहे, त्यामुळे काडी फुटते पण तंतू कापले जात नाहीत. ज्याने कोणी हिची घडण ठरवली त्याने स्वतः काड्या चेचल्या असाव्यात, असे वाटण्याइतकी ती नेमकी आहे. हाडाच्या पट्टीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. सालीवरचा हिरवा-तपकिरी थर खरवडण्यासाठी धार बोथट पण सरळ लागते. दिलेल्या पट्टीची धार मध्यभागी जाड आहे आणि टोकांना पातळ, त्यामुळे पट्टीच्या कडेला तंतू तुटतात आणि मधोमध साल तशीच राहते. बारीक वाळूच्या दगडावर घासून ती सरळ केल्यावर काम सुधारले, पण विकत घेणाऱ्याने हे करायला हवे असे पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही.

आता पुस्तिकेकडे वळतो, कारण माझी सर्वांत गंभीर तक्रार तिच्याबद्दल आहे. साल कुजवण्याच्या क्रियेला तिने जेमतेम एक परिच्छेद दिला आहे आणि त्यात काड्या पाण्यात भिजत ठेवून 'तंतू सुटेपर्यंत' थांबावे एवढेच सांगितले आहे. या क्रियेत जिवाणू आणि बुरशी पेक्टिन खाऊन टाकतात व तंतूंचे जुडगे मोकळे होतात. काम लवकर थांबवले तर साल गाभ्याला चिकटून राहते आणि उशिरा थांबवले तर तेच सूक्ष्मजीव तंतू ज्याचे बनलेले असतात त्या सेल्युलोजवर उतरतात आणि वाख हातात तुटू लागतो. या दोन टोकांमधला काळ पाण्याच्या तापमानावर, काडीच्या जाडीवर आणि वनस्पतीच्या वयावर अवलंबून असतो, म्हणून दिवसांचा ठराविक आकडा देता येत नाही हे खरे. परंतु ओळखायची खूण देता येते. एक काडी बाहेर काढून धुवावी, मध्ये वाकवून मोडावी आणि गाभ्याचा तुकडा ओढून पाहावा. तो तंतूंमधून अखंड आणि स्वच्छ सरकून आला की काड्या बाहेर काढण्याची वेळ झाली. लिहायला दोन ओळी पुरे झाल्या असत्या आणि नवशिक्याचा सगळा माल वाचला असता.

पाण्यात कुजवण्याला पर्याय आहेत, तेही पुस्तिकेने सांगायला हवे होते. काड्या गवतावर पसरून दव आणि पावसाच्या ओलाव्यावर सोडल्या तर बुरशी तेच काम सावकाश करते. तंतूंना राखाडी छटा येते, मात्र दुर्गंधी नसते आणि पाणीही नासत नाही. पाण्यात कुजवताना त्यातला प्राणवायू संपतो, म्हणून हे काम वाहत्या ओढ्यात किंवा तळ्यात कधीही करू नये, वेगळ्या टाकीतच करावे. तिसरी वाट राखेची आहे. नेपाळच्या डोंगराळ भागात अल्लो नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नेटलची साल लाकडाच्या राखेच्या पाण्यात कित्येक तास उकळतात, मग ती वाहत्या पाण्यात बडवून धुतात आणि तंतू एकमेकांपासून सुटावेत म्हणून पांढरट माती चोळतात. राखेतील अल्कली पेक्टिन विरघळवते, त्यामुळे कुजण्याची वाट पाहावी लागत नाही. ही पद्धत मी संचातील काड्यांवर वापरली आणि मिळालेला वाख पाण्यात कुजवलेल्या वाखापेक्षा अधिक एकसारखा होता. राखेचे पाणी त्वचेला आणि डोळ्यांना इजा करू शकते, म्हणून हातमोजे हवेत, आणि भांडे स्टीलचे किंवा मुलामा दिलेले हवे, कारण ॲल्युमिनियमला अल्कली खाते. सुरक्षिततेची ही गोष्ट एका वाक्यातही न सांगणे मला अक्षम्य वाटते.

लाकडी फणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिचे दात दूर आहेत, गुळगुळीत आहेत, आणि लांब तंतू आखूड तुसांपासून वेगळे करण्यापुरती ती पुरते.

टकळी मात्र मनापासून आवडली. तिची काडी सरळ आहे, खालच्या टोकाला निमुळती आहे, वरच्या खाचेत धागा अडकून राहतो आणि सोडल्यावर ती डगमगत नाही. हलकी चकती बारीक सुतासाठी आणि जड चकती दोन पदर एकत्र पिळण्यासाठी दिली आहे. सालीचे तंतू लोकरीपेक्षा पुष्कळ लांब असतात, त्यामुळे ते जड टकळीचा ताण सहज पेलतात. आखूड कापूस याच टकळीवर तुटला असता. कातताना बोटे सतत ओली ठेवावी लागतात. ओलाव्याने तंतूंवर उरलेले पेक्टिन मऊ होते, सुटलेली तुसे सुताला चिकटून बसतात आणि सूत गुळगुळीत निघते. तेच सूत कोरडे कातले तर ते केसाळ होते, आणि त्या केसांची किंमत पुढे मागावर चुकवावी लागते.

पिळाच्या दिशेबद्दल पुस्तिकेचा सल्ला मला पटला नाही. ती सरसकट सर्व तंतूंसाठी टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायला सांगते. वास्तविक प्रत्येक जातीच्या तंतूला स्वतःचा नैसर्गिक कल असतो. एक ओला तंतू घेऊन त्याचे मोकळे टोक आपल्याकडे करून उबेवर वाळू दिला, तर जवस आणि नेटल यांचे टोक घड्याळाच्या दिशेने फिरते आणि हेम्प व ज्यूट यांचे उलट दिशेने. पहिल्या गटाचे सूत टकळी उलट्या दिशेने फिरवून कातले तर वाळताना पीळ स्वतःच घट्ट बसतो. प्राचीन इजिप्तमधील जवसाच्या कापडातील सूत बहुतेक याच पिळाचे असते. दुसऱ्या दिशेने कातता येत नाही असे नाही, कातता येते आणि पुष्कळ लोकांनी तसे कातलेही आहे. परंतु ज्याच्या हाती पहिल्यांदाच नेटलचा वाख येणार आहे त्याला तंतूच्या कलाने जाणारी दिशा सांगावी, म्हणजे सूत वाकडे-वेटोळे होण्याचा त्रास वाचतो.

पुस्तिकेतील आणखी एक उणीव येथेच नोंदवतो. सालीचे तंतू कातलेच पाहिजेत असे नाही. सालीच्या बारीक पट्ट्यांची टोके एकमेकांवर ठेवून पिळून जोडत जाणे, किंवा सरळ गाठी मारून लांब धागा करणे, ही टकळीहून साधी आणि जुनी रीत आहे. जपानच्या उत्तरेकडील ऐनू लोक एल्मच्या अंतर्सालीपासून 'अत्तुश' नावाचे कापड विणतात, त्याचा धागा असाच पट्ट्या फाडून आणि जोडून केलेला असतो. जपानच्याच ओकिनावातील किजोका येथे धाग्याच्या केळीपासून विणले जाणारे बाशोफू हे कापडही गाठी मारलेल्या धाग्यांचेच आहे. फ्रान्समधील आब्री द्यू मारास या ठिकाणी सापडलेला आणि 2020 साली प्रसिद्ध झालेला दोरीचा तुकडा तर त्याहून कितीतरी जुना आहे. तो 40 हजार वर्षांहून आधीचा, निअँडरथल माणसांच्या काळातला असून जेमतेम 6 मिलिमीटर लांबीचा आहे. त्यात सालीच्या तंतूंचे तीन पदर प्रत्येकी एका दिशेने पिळून मग उलट दिशेने एकत्र वळलेले दिसतात. टकळीशिवाय, मांडीवर किंवा बोटांत पीळ देऊन हे सगळे होते. ज्या संचाचा सगळा भर आदिम अवजारांवर आहे, त्याने ही पद्धत वगळावी याचे मला खरोखर वाईट वाटले. ज्यांना टकळी साधत नाही त्यांनी निराश न होता या मार्गाने जावे; कापड किंचित खडबडीत पण भक्कम होते.

माग हा या संचाचा सर्वांत सुंदर भाग आहे. त्याला चौकट नाही. एक काठी खांबाला किंवा झाडाला बांधायची, दुसरी कंबरपट्ट्याला, आणि दोन्हींच्या मध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, ताणायचा. विणणारा मागे रेलला की धागे ताठ होतात, पुढे झुकला की सैल पडतात. हे शरीराने दिलेले नियंत्रण सालीच्या धाग्यांना विशेष उपकारक आहे, कारण हे धागे जवळजवळ लांबतच नाहीत. जवसाचा तंतू तुटण्याआधी साधारण 2 ते 3 टक्केच लांबतो. लोकर त्याहून कितीतरी अधिक ताणली जाते आणि ताणातील चुका पोटात घालते. नेटलच्या ताण्यात दहा धागे सैल आणि एक घट्ट असेल तर सगळा भार त्या एकावर पडतो आणि तुटण्याची मालिका सुरू होते. म्हणून आडवा धागा घालायची फट उघडायला, उभे धागे अडकवलेल्या फासांची काठी उचलताना पुढे झुकून ताण कमी करायचा आणि धागा ठोकताना मागे रेलून तो पुन्हा आणायचा, ही लय अंगात भिनेपर्यंत घाई करू नये. पुस्तिकेने या भागाला न्याय दिला आहे; चित्रे स्पष्ट आहेत आणि ताणा गोलाकार कसा भरायचा, एक-आड-एक धाग्यांची अदलाबदल कशी होते, हे वाचून कोणालाही समजेल.

आडवा धागा ठोकण्याची पट्टी कठीण लाकडाची आहे, तिची एक कड बारीक आणि दुसरी जाड आहे, आणि आडवी घालून उभी केली की उभ्या धाग्यांतील वाट ती स्वतःच मोकळी धरून ठेवते. तिचे वजन नेमके साधले आहे. हलकी पट्टी असती तर प्रत्येक ओळ बसवायला दोनदा ठोकावे लागले असते. या पट्टीच्या एका ठोक्यात धागा बसतो. कंबरपट्टा रुंद आहे आणि दीर्घ काळ बसल्यावरही काचत नाही.

मागात दोन गोष्टी मात्र बदलून घ्याव्या लागल्या. फासांसाठी दिलेला दोरा सैल पिळाचा आणि केसाळ आहे. नेटलच्या सुतावरची तुसे त्यात गुंततात आणि फट नीट उघडत नाही. त्याऐवजी घट्ट पिळाचा, मेण लावलेला दोरा वापरावा. दुसरे म्हणजे ताण्याला खळ देण्याचा उल्लेखच नाही. जवसाच्या बिया पाण्यात उकळून मिळणारा बुळबुळीत द्राव गाळून ताण्यावर हाताने फिरवला आणि वाळू दिला, तर तुसे दबतात आणि घासून तुटणारे धागे एकदम कमी होतात. हवा कोरडी असेल तर विणताना ताण्यावर ओलसर फडके फिरवत राहावे, कारण सालीचा तंतू ओला असताना अधिक बळकट असतो आणि कोरडा पडला की ठिसूळ होतो.

पन्हा हाताच्या पोचेइतकाच राहतो आणि मागाला धागे अंतरावर धरणारी फणी नसल्यामुळे उभे धागे एकमेकांजवळ सरकून कापडात तेच ठळक दिसतात. ही या मागाची प्रकृती आहे, दोष नव्हे. मात्र आडवा धागा ओढताना तो थोडा कमानीसारखा सैल ठेवला नाही तर दोन्ही काठ आत येत जातात. पन्हा ताणून धरायला दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेली एक काडी संचात असती तर बरे झाले असते. ती बांबूच्या तुकड्यातून सहज करता येते.

तयार झालेले कापड मागावरून काढले तेव्हा ते कडक, करकरीत आणि फिकट तपकिरी होते. गरम पाण्यात धुऊन, ओले असतानाच लाकडी मोगरीने सपाट पृष्ठभागावर बराच वेळ बडवल्यावर त्याचे रूप बदलले. धागे चपटे होऊन एकमेकांत बसले, मधल्या फटी भरल्या आणि पृष्ठभागावर मंद चकाकी आली. पुढच्या प्रत्येक धुण्यात ते अधिक मऊ होत गेले. नेटलच्या तंतूंविषयी पुष्कळांच्या मनात पोत्याच्या कापडाची कल्पना असते, पण ती चुकीची आहे. डेन्मार्कमधील लुसेहॉय येथील सुमारे 2,800 वर्षांपूर्वीच्या दफनात सापडलेले कापड नेटलचे असल्याचे 2012 साली सिद्ध झाले, आणि ते एका प्रतिष्ठित व्यक्तीच्या अस्थींभोवती गुंडाळलेले होते. शेती आणि मेंढपाळी यांची वस्त्रे हाताशी असतानाही त्या लोकांनी रानातला हा तंतू उत्तम कापडासाठी निवडला होता.

पुड्यातील तयार तंतूंबद्दल मला आक्षेप आहे. पाकिटावर 'रान नेटल' एवढेच छापलेले आहे. वनस्पतीची जात, ती कोठे वाढली आणि तंतू कसा काढला, यांपैकी काहीही नाही. आतला तंतू इतका पांढराशुभ्र, लांब आणि रेशमासारखा चकचकीत आहे की तो रॅमीचा असावा अशी शंका येते. रॅमी ही नेटलच्याच कुळातील, पण प्रामुख्याने लागवड केली जाणारी वनस्पती आहे. वाळताना फिरण्याच्या कसोटीने या दोहोंत फरक करता येत नाही, कारण दोन्ही एकाच दिशेने फिरतात, म्हणून मी ठाम आरोप करत नाही. परंतु रानतंतू म्हणून विकणाऱ्याने वनस्पतीचे शास्त्रीय नाव तरी छापलेच पाहिजे. शिकण्यासाठी तो तंतू वाईट नाही, उलट कातायला फारच सोपा आहे. अडचण एवढीच की त्यावर हात बसवून मग स्वतः सोललेल्या वाखाकडे वळले की काम एकदम अवघड वाटते. म्हणून मी सुचवेन की आधी काड्यांची जुडी वापरावी आणि पुडा मागाहून उघडावा.

संच संपल्यावर तंतू स्वतः गोळा करायची वेळ येते. नेटल फुलोरा संपल्यानंतर, उंच आणि फांद्या नसलेल्या काड्या निवडून कापावी. वाळल्यावर तिचे झोंबणारे केस निरुपद्रवी होतात, तोवर जाड हातमोजे लागतात. मुळे उपटू नयेत, म्हणजे पुढच्या हंगामात तीच जागा पुन्हा काड्या देते. झाडांच्या सालीबाबत अधिक जपावे लागते. साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला, रस चढलेला असताना सहज सुटते हे खरे, पण उभ्या खोडाची साल सभोवार काढली तर झाड मरते. तोडलेल्या किंवा पडलेल्या फांद्यांचीच साल घ्यावी आणि जमीन ज्यांची असेल त्यांची परवानगी घ्यावी. पुस्तिकेने परवानगीचा उल्लेख केला आहे, झाडाचा नाही.

हा संच कोणी घ्यावा? ज्यांना आठवड्याच्या सुटीत एक शोभेची वस्तू करून मोकळे व्हायचे आहे त्यांच्यासाठी तो नाही, वेष्टनावर तसा भास होत असला तरी. हातरुमालाएवढ्या कापडाचे सूत कातायलाच विणण्याच्या कित्येक पट वेळ लागतो आणि वाख तयार करायला त्याहूनही अधिक. ज्यांना तंतू ते कापड हा सगळा प्रवास स्वतःच्या हातांनी समजून घ्यायचा आहे, जे शाळेत किंवा कार्यशाळेत शिकवतात, किंवा ज्यांना टकळी येते पण माग कधी बांधलेला नाही, त्यांनी तो निःशंकपणे घ्यावा. फासांचा दोरा लगेच बदलावा, हाडाची पट्टी घासून घ्यावी आणि कुजवण्याबद्दल पुस्तिकेवर विसंबू नये. मागाच्या काठ्या साध्या गोल लाकडाच्या आहेत. एखादी मोडली तर विक्रेत्याकडे सुटे भाग मागण्याची गरज नाही, त्याच जाडीची सरळ, वाळलेली फांदी सोलून, घासून गुळगुळीत केली तरी ती तितकेच चांगले काम देते.